नमुना १-अ वर सही मिळेल, पण स्टिअरिंग कधी धरायचं?

आलेलं पत्र थोडक्यात असं: “मी ४७ वर्षांचा, कराडजवळचा. चोवीस वर्षं हेवी गाडी चालवतोय. सध्या दहाचाकीवर आहे. कारखान्याची साखर न्हावा शेवाला न्यायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा. सात आठवड्यांपूर्वी पहाटे छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला. हार्ट अटॅक निघाला. त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, समोरच्या मोठ्या नळीत एक स्टेंट बसवला. डिस्चार्ज कार्डावर ईएफ ४० टक्के लिहिलाय. चक्कर, बेशुद्धी कधीच नव्हती. आता बरं वाटतं. पुढच्या महिन्यात लायसन्स संपतंय. एजंट म्हणतो, मेडिकलची सही आणून देतो, अटॅकचं कुठं बोलू नका. मालकाचे दोन फोन येऊन गेले. घरात कमावता मी एकटाच. फॉर्मवर खरं लिहू का? गाडीवर कधी बसू? मालकाला काय सांगू?”

दादा, आधी तारखेची घाई बाजूला ठेवू, कारण एजंट तुम्हाला त्या घाईनंच घाबरवतोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्स्पोर्ट लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं (टँकरसारखा धोकादायक माल असेल तर तीन). मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळात कधीही नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्या वर्षाच्या आत गेलात तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट लागत नाही. उशीर झाला तर शुल्क वाढतं, एवढंच. एक गोष्ट मात्र बदलली आहे. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालू धरत. ती सवलत आता काढून टाकली आहे. तारीख उलटली की नूतनीकरण होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. तुम्ही तसेही सध्या घरीच आहात, तेव्हा दोन महिने उशीर झाला म्हणून हातातलं काही जात नाही.

आता फॉर्म. नमुना १ हे तुमचं स्वतःचं घोषणापत्र, आणि नमुना १-अ हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. घोषणापत्रातला पहिलाच प्रश्न असा की फेफरं येतं का, किंवा कुठल्याही कारणानं अचानक बेशुद्ध पडण्याचे, चक्कर येण्याचे झटके येतात का. तुम्ही लिहिलंय त्यानुसार तुमचं खरं उत्तर “नाही” असंच आहे. शेवटी विचारलेलं असतं की तुमचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा आणखी काही आजार आहे का. हार्ट अटॅक येऊन गेला का, असा वेगळा प्रश्न तिथं नाही. म्हणजे तुमचं सगळं त्या शेवटच्या प्रश्नापाशी येऊन थांबतं, आणि त्याचं उत्तर तपासण्या झाल्याशिवाय प्रामाणिकपणे देता येणार नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी हृदयाची तपासणी, मग अर्ज.

नमुना १-अ भरणारा डॉक्टर मुख्यतः लांबची नजर, लाल-हिरव्या रंगाची ओळख, ऐकू येणं आणि हात-पाय-सांधे बघतो. त्या कागदाला ईसीजी लागत नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) लागत नाही. तेव्हा एजंटनं आणलेली सही खरी असली तरी तुमच्या हृदयाबद्दल ती काहीच सांगत नाही. वर धोका तुमच्याच गळ्यात. खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली ते रद्द होऊ शकतं. कलम १८६ खाली, आजारामुळे आपण धोकादायक आहोत हे माहीत असून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंतचाच आहे, पण अपघातात कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथं तुमचंच डिस्चार्ज कार्ड तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहू शकतं. नमुना १-अ च्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा तेच कार्ड आणि हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी टेबलावर ठेवा. बहुतेक डॉक्टरांना ते सोयीचंच वाटतं, कारण त्यांच्या सहीला आधार मिळतो.

अटॅकनंतर नेमकी भीती कशाची असते, ते नीट समजून घ्या. पुन्हा छातीत दुखलं तर निदान गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. पण जिथं स्नायू मेला तिथं व्रण राहतो, आणि त्या व्रणातून कधीकधी ठोक्यांची लय एकदम बिघडते. त्यात माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. ताशी ६० च्या वेगानं गाडी ५ सेकंदांत ८३ मीटर जाते. खंबाटकी किंवा बोरघाटात, मागं भरलेला माल असताना, तेवढ्या अंतरात काय काय येतं ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता. हा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. पुढं तो कमी होत जातो, पण ज्यांचा ईएफ (हृदयाची रक्त फेकण्याची ताकद) कमी राहतो त्यांच्यात तो टिकून राहतो.

ईएफ म्हणजे डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकतो, तो आकडा. साधारण ५५ च्या पुढं असेल तर चांगला. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्यावसायिक चालकाला ईएफ किती हवा, अटॅकनंतर किती आठवडे थांबायचं, असे आकडे दिलेले नाहीत. म्हणून तज्ज्ञांशी बोलताना ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घ्यावा, असं आम्ही सांगतो. ब्रिटनमध्ये अवजड वाहनाच्या चालकाला अटॅकनंतर किमान सहा आठवडे बंदी असते. त्यानंतर ईएफ निदान ४० हवा आणि ट्रेडमिलवर ब्रूस पद्धतीनं (वेग आणि चढ टप्प्याटप्प्यानं वाढवत) नऊ मिनिटं त्रासाशिवाय पार पडावी लागतात. अमेरिकी सूचनांमध्ये अटॅकनंतर दोन महिने थांबणं, ईएफ ४० किंवा वर आणि ट्रेडमिलवर ६ मेटच्या वर ताकद, अशी अपेक्षा असते. मेट म्हणजे बसल्याजागी शरीराला जेवढी ऊर्जा लागते तिच्या पट.

तुमचा ४० हा आकडा बरोबर काठावर आहे, आणि तो जुना आहे. अटॅकनंतर लगेच स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाला की तो सहा ते बारा आठवड्यांत जागा होतो. कुणाचा ४० चा ५० होतो, कुणाचा तिथंच राहतो, थोड्यांचा खालीही उतरतो. म्हणून आता नवीन टू-डी इको करा, आणि शक्यतो आधीच्याच ठिकाणी, कारण मशीन आणि पाहणारा डॉक्टर बदलला की आकडा पाच टक्के सहज इकडेतिकडे होतो. रिपोर्ट आला की फक्त “ठीक आहे ना?” असं विचारून उठू नका. ईएफ किती, कुठली भिंत हलत नाही आणि आत गुठळी आहे का, ही तीन उत्तरं लिहून घ्या. आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला तर डॉक्टर कदाचित आयसीडीचा विषय काढतील. हे छातीत बसवायचं, लय बिघडली की आतूनच शॉक देणारं यंत्र. ते बसलं तर ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अवजड गाडी कायमची बंद होते. आमचंही मत तेच आहे.

इको ठीक आलं तर पुढं ट्रेडमिल, म्हणजे टीएमटी. हिच्याबद्दल जरा सविस्तर, कारण चालकाच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के, मग ताशी ४ आणि १२ टक्के, मग ताशी साडेपाच आणि १४ टक्के. सहा मिनिटं पूर्ण झाली म्हणजे साधारण ७ मेट, नऊ मिनिटं म्हणजे सुमारे १०. नुसतं गाडी चालवायला दोन-तीन मेट पुरतात. मग एवढं कशाला, असं वाटेल. पण ताडपत्री चढवणं, रस्सा आवळणं, स्टेपनी काढून दहाचाकीचं टायर बदलणं ही कामं त्याच्या दुपटी-तिपटीत जातात. ती करताना तुम्ही श्वास रोखून जोर लावता, आणि त्या क्षणी ब्लडप्रेशर झपकन वर जातं. पाना मारतानाच छातीत भरून आलं, ही तक्रार चालकांकडून नेहमी येते. ट्रेडमिलवर नऊ मिनिटं टिकणारं हृदय तो जोर झेलेल अशी शक्यता बरीच असते.

चाचणीला जाताना बूट घाला, आधी दोन-तीन तास पोटभर जेवू नका आणि तंबाखू तोंडात नको. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या ठोके दाबून ठेवतात, त्यामुळे दोष झाकला जाऊ शकतो. त्या आदल्या दिवशी बंद ठेवायच्या की घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून मात्र थांबवू नका. आणि पट्ट्यावर दम लागला, छाती भरली तर तोंड मिटून दामटू नका. लायसन्ससाठी मिनिटं भरून काढायची ही चाचणी नाही. तिथं माणसं आणि यंत्रं उभी असतात, ट्रकच्या केबिनमध्ये कुणी नसतं. तोपर्यंत सपाट रस्त्यावर रोज चाला. आता २० मिनिटं जमत असेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ४५ वर न्या. चालता चालता बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेवा.

दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या आणि प्रेशर आटोक्यात असलं (१३०/८० च्या आसपास हवं, वारंवार १८०/१०० च्या वर असेल तर ब्रिटनमध्ये अवजड गाडी थांबवतात), तर आमच्या मते तुम्ही अटॅकपासून तीन महिन्यांनी गाडीवर बसावं. सहा आठवडे ही तिकडची कमीत कमी मुदत आहे. तुमचा ईएफ काठावर होता, तेव्हा घाई नको. सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त दिवसाच्या खेपा, शंभर-दीडशे किलोमीटरच्या, आणि सोबत लायसन्स असलेला दुसरा चालक. ताडपत्री, रस्सा आणि टायर हे पहिले तीन महिने हमाल, क्लीनर नाहीतर पंक्चरवाल्याकडे. न्हावा शेवाची फेरी त्यानंतर. बंदराबाहेरच्या रांगेत रात्रभर जागून लगेच परतीला निघायचं, ही सवय मात्र कायमची सोडा. चार तास चालवलं की अर्धा तास गाडीतून खाली उतरायचं. केबिनमध्येच पडून राहिलात तर पायातलं रक्त साकळतं.

गोळ्यांचं वेळापत्रक रस्त्यावर कसं सांभाळायचं, यात बहुतेक चालक चुकतात. तुम्हाला अॅस्पिरिनबरोबर टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेल दिली असेल. ही जोडी साधारण वर्षभर चालते आणि स्टेंट उघडा ठेवण्याचं काम तिचंच. मध्येच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पहिल्यापेक्षा मोठा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला, कापलं, रक्त जास्त आलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. मोबाइलला दोन गजर लावा. एखादी चुकली तर पुढची तिच्या वेळेलाच घ्या, दोन एकदम नको. या गोळीनं काहींना बसल्याजागी दम लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर कळवा, पर्याय असतात. लघवीची गोळी दिली असेल तर वाटेत थांबायला जागा नाही म्हणून पुष्कळ जण ती टाळतात आणि आठवड्यानं पाय सुजवून येतात. टाळू नका. खेपेच्या दिवशी ती पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे आधीच ठरवून घ्या. प्रेशरची कुठलीही नवी गोळी किंवा वाढवलेला डोस असेल तर पहिले तीन-चार दिवस गाडी नको, कारण उठताना अंधारी येते.

कंबरदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या चालक चण्यासारख्या खातात. तुमच्यासाठी त्या आता वर्ज्य. हृदयावरही ताण येतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटॅमॉल चालते. हायवेवर मिळणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांत बहुधा सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) असतं. ते घेतल्यावर २४ तासांच्या आत जिभेखाली सॉर्बिट्रेट (छाती दाबली की घ्यायची गोळी) ठेवली तर प्रेशर इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. लाजून हे कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतोय. डायबेटीसचं इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर मेटोप्रोलॉलमुळे जाणवत नाही, फक्त घाम येतो. निघण्याआधी आणि दर दोन-तीन तासांनी ग्लुकोमीटरवर बघायचं.

तंबाखूचं तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही. पण रात्री झोप उडवायला चुना-तंबाखू मळणारे चालक आम्हाला ठाऊक आहेत. त्यातलं निकोटिन रक्तवाहिनी आवळतं आणि ठोके वाढवतं. जे स्टेंटनं उघडलं ते तंबाखू पुन्हा बंद करत जाते. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे. झोप आलीच तर गाडी लावून वीस मिनिटं डोळा लावा, त्याला दुसरा उपाय नाही. आणि घरच्यांना एक विचारा: तुम्ही मोठ्यानं घोरता का, झोपेत श्वास थांबून दचकता का? गळ्याचा घेर ४३ सेंटिमीटरच्या वर असला तर शंका आणखी वाढते. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार प्रेशर वाढवतो आणि दुपारी स्टिअरिंगवर डुलकी आणतो. त्यावर झोपेची तपासणी आणि मास्कचं यंत्र आहे.

चालवताना छाती दाबली, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ गेली, थंड घाम आला, तर पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. इंडिकेटर, डावी कड, हँडब्रेक, इंजिन बंद, धोक्याचे दिवे चालू. खाली उतरून सावलीला बसा आणि सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली ठेवा. उभं राहून ती घेऊ नका, चक्कर येते. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरूनही मदत येते. जवळच्या दवाखान्यात स्वतः ट्रक चालवत जाणं ही सर्वांत मोठी चूक. सॉर्बिट्रेट घेऊन बरं वाटलं तरी त्या दिवशी गाडी पुन्हा चालवायची नाही आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची खेप नाही. गोळ्यांची पट्टी खिशात ठेवा, डॅशबोर्डचा कप्पा उन्हात भट्टीसारखा तापतो. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या ईसीजीची झेरॉक्स लायसन्सच्या पाकिटात असू द्या. जुना ईसीजी हाताशी असला की नवा बदल डॉक्टरला चटकन ओळखता येतो.

तुमच्यासारखेच इतरही काही चालक विचारतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. बायपासनंतर तीन महिने, कारण छातीचं हाड सांधायला तेवढे लागतात. साधा पेसमेकर असेल तर ब्रिटनमध्ये अवजड गाडीला सहा आठवडे थांबवतात. कारण न समजता एकदा जरी शुद्ध हरपली असेल तर कारण सापडेपर्यंत स्टिअरिंग नको, मग इको कितीही चांगला असो.

कुणीतरी तुम्हाला सांगेल, छोटा टेम्पो घे, त्याला ट्रान्स्पोर्टचा शिक्का लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे खरं. पण नियम हलका झाला म्हणून हृदयाचा धोका हलका होत नाही. इको-ट्रेडमिल आधी, टेम्पोही नंतरच. तपासण्या चांगल्या आल्या आणि लांबचा पल्ला झेपेना, तर मात्र तालुक्यातल्या तालुक्यात माल टाकणं हा चांगला मार्ग आहे.

थांबलेल्या दिवसांचा पैसा कुठून आणायचा, ही तुमची खरी चिंता. मालकाकडे दहा किंवा अधिक कामगार असतील आणि तुमचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयची (सरकारी कामगार विम्याची) नोंद आहे का ते बघा. असेल आणि हप्ते पुरेसे भरलेले असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. त्यासाठी ईएसआय दवाखान्याचं रजा-प्रमाणपत्र लागतं, खासगी डॉक्टरची चिठ्ठी चालेलच असं नाही.

मालकाला फोनवर टाळत राहू नका. कागद घेऊन समोर बसा आणि स्पष्ट सांगा: “मालक, इको आणि ट्रेडमिल या महिन्यात करतोय. चांगलं आलं तर अमुक तारखेपासून येतो. पहिले पंधरा दिवस कराड ते सातारा एवढ्याच, दिवसाच्या खेपा द्या. सोबत दुसरा चालक द्या आणि ताडपत्रीला माणूस द्या. तोवर लोडिंगवर उभं राहायचं, बिल्टी, डिझेल आणि टायरचा हिशोब बघायचा, असं बसून काम असेल तर उद्यापासून करतो.” चोवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला माल कुठं कलतो, टायर कुठं घासतो, हे नुसतं बघून कळतं. मालकाला त्याचा उपयोग आहे. तो तयार झाला तर परत रुजू होण्याची तारीख हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. तिच्यात ईएफचा आकडा, ट्रेडमिलची मिनिटं आणि “अवजड मालवाहू वाहन चालवण्यास योग्य, पुढील तपासणी अमुक महिन्यांनी” एवढं नेमकं आलं पाहिजे. लायसन्स पाच वर्षांचं मिळालं तरी ही तपासणी दरवर्षी, आणि ट्रेडमिल दर दोन वर्षांनी. चिठ्ठीची एक प्रत मालकाकडे द्या, एक नमुना १-अ च्या डॉक्टरांकडे, आणि एक घरी.